मिकेल मास्तर

मंडईतून पडवळ आणि कोथिंबीर घेऊन मी घरात शिरलो, तेव्हा कुमुद स्वयंपाकघरात कोणाशी तरी बोलत होती. भाषा मराठी नव्हती, हिंदी नव्हती, आणि इंग्रजी तर नव्हतीच, कारण इंग्रजी असती तर मला कळली असती. ती एक वाक्य बोलायची, गप्प राहायची, मान कलती करून ऐकायची आणि पुन्हा बोलायची. मधेच हसली. पाहुण्यांपुढचं तिचं हसू मला ठाऊक होतं, माझ्या विनोदांवरचं त्याहून ठाऊक होतं. हे त्यातलं नव्हतं.

मी पिशवी ओट्यावर ठेवली. तिचे हात कणकेत होते. मला पाहून तिने मनगटानेच कानातली वायर ओढून काढली.

"कोणाशी बोलतेस?"

"मिकेलशी."

"कोण मिकेल?"

"मास्तर," ती म्हणाली. "पडवळ कोवळं आणलंत ना?" आणि वायर परत कानात गेली.

आता आमच्या घरात मास्तर एकच होता आणि तो मी होतो. साताऱ्यातल्या एका हायस्कुलात मी जन्मभर इंग्रजी शिकवलं. अजूनही मंडईत भाजीवाला 'महाजनी सर' म्हणून वजनात दोन मिरच्या जास्त टाकतो. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात. माझ्या म्यानात ही दुसरी कुठून आली, ते सांगितलं पाहिजे.

आमचा सौमित्र चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या बसवणाऱ्या कंपनीत इंजिनियर होता. तिथून तो स्पेनला गेला, बिल्बाओ नावाच्या शहरात, आणि अमायाशी लग्न ठरवून मोकळा झाला. मुलगी गुणी होती. आमची तक्रार नव्हती. लॅपटॉपवर दोन्ही घरांची भेट झाली. अमायाच्या आईचं नाव बेगोन्या, वडिलांचं इन्याकी. दोघांनाही इंग्रजी येत नव्हतं. मग मी अमायाशी इंग्रजीत बोललो, अमायाने ते घरच्यांना सांगितलं, आणि बैठक छान पार पडली, असं माझं मत होतं. त्या सबंध वेळात दोघी विहिणी पडद्याच्या दोन बाजूंनी एकमेकींकडे बघून हात हलवत होत्या.

शेवटी कुमुदने माझ्या दंडाला बोट लावलं. "तिला विचारा, तुझी आई घरात कुठल्या भाषेत बोलते?"

मी विचारलं. अमाया म्हणाली, परक्यांशी स्पॅनिश, घरात बास्क.

"आणि रागावते कुठल्या भाषेत?"

हा प्रश्न मी भाषांतर करणार नव्हतो, पण सौमित्रने केला. पडद्यावर सगळे हसले. बेगोन्याने स्वतःच छातीवर हात ठेवून उत्तर दिलं. बास्क.

"मग मी ती शिकणार," कुमुद म्हणाली. "विहीण माझी. तिच्याशी काय नुसते हात हलवू?"

मी तिला समजावलं. बास्क बोलणारी माणसं मूठभर, स्पेनच्या उत्तरेला डोंगर आणि समुद्र यांच्या मधे राहणारी. त्या भाषेचं आजूबाजूच्या एकाही भाषेशी नातं नाही. त्यापेक्षा स्पॅनिश शीक, निम्म्या जगात चालेल. ती म्हणाली, मला निम्म्या जगाशी बोलायचं नाही, बेगोन्याशी बोलायचंय. सौमित्रने तिच्या फोनमध्ये ऐकून शिकायचे धडे भरून दिले. त्या धड्यांमधला आवाज म्हणजे हा मिकेल.

दोन-चार दिवस मी दुर्लक्ष केलं. मग एका दुपारी तिचा डोळा लागलेला पाहून मी वायर स्वतःच्या कानात घातली.

आवाज खालच्या पट्टीतला होता. घाई नाही, ओरडणं नाही. तो इंग्रजीत सांगायचा, आता असं म्हणा. मग बास्कमधलं वाक्य म्हणायचा. मग थांबायचा. फोन बिघडला असं वाटावं इतका वेळ तिकडे काही नाही. तुम्ही म्हणावं म्हणून ती जागा मोकळी सोडलेली. मग तो म्हणायचा, "ओसो ओन्दो." म्हणजे फार छान. तुम्ही काही म्हटलं असो की नसो, ओसो ओन्दो. मी तर तोंडसुद्धा उघडलं नव्हतं.

संध्याकाळी चहाच्या वेळी मी विषय काढला. "तुझ्या त्या मास्तराचं इंग्रजी सदोष आहे. आर्टिकलं खातो."

"मला कळतं."

"तेच म्हणतोय. सूचना सगळ्या इंग्रजीत आहेत. तुला कळतात?"

"माझं बी. ए. इंग्रजी घेऊन झालंय. विसरलात की काय?"

विसरलो नव्हतो, पण आठवायचं कारणही कधी पडलं नव्हतं. "मग माझ्याशी कधी बोलली नाहीस इंग्रजीत."

"बोलले होते. लग्नानंतर, महाबळेश्वरला. तुम्ही चुका काढल्यात."

"चुका असतील म्हणून काढल्या. मास्तर आहे मी. तुझा मिकेल नाही काढत?"

"नाही. तो थांबतो. मग म्हणतो, ओसो ओन्दो."

"त्याला ऐकू येत नाही म्हणून."

"तुम्हाला येतं ना?" असं म्हणून तिने कपबशा उचलल्या.

त्या दिवसापासून मला मिकेलचा मत्सर वाटू लागला. लपवण्यात अर्थ नाही. साठी उलटलेला माणूस फोनमधल्या आवाजाचा हेवा करतो हे हास्यास्पद आहे, हे मलाही कळत होतं. पण पोटात दुखायचं ते दुखायचंच. आमचा एक नेम होता. दुपारची जेवणं झाली की मी आरामखुर्चीत बसून तिला पेपर वाचून दाखवायचो, अग्रलेखापासून वाचकांच्या पत्रांपर्यंत, आणि मधे मधे माझं मत सांगायचो. ती निवडणं-टिपणं करत ऐकायची. आता जेवणं झाली की ती तोंड धुवायची. केस नीट करायची. एकदा मी पाहिलं, आरशासमोर उभी राहून तिने चेहऱ्याला पावडर लावली आणि मग धडा लावला. माझ्या तासाला इतक्या वर्षांत कोणी पावडर लावून बसलं नव्हतं. मुलींच्या तुकडीतसुद्धा नाही.

मी म्हटलं, "तो बघतोय का तुला?"

"मी बघते ना मला," ती म्हणाली.

मग मी दुसरा मार्ग काढला. म्हटलं, मी तुझी तयारी करून घेतो. शेवटी शिकवणं हा माझा धंदा आहे. ती तयार झाली. आम्ही समोरासमोर बसलो. मी विचारलं, 'माझं घर डोंगरावर आहे' हे कसं म्हणशील. तिने सुरुवात केली आणि ती अडखळली. मी म्हटलं, विचार कर. ती आणखी अडखळली. मी टेबलावर बोट वाजवलं, जुनी सवय. ती सगळंच विसरली. मग म्हणाली, "अहो, तुम्ही बाहेर बसा. तुम्ही असलात की मला येत नाही."

मी बाहेर बसलो. स्वयंपाकघराच्या दाराला लागूनच फ्रिज आहे आणि फ्रिजच्या आडोशाला एक वेताची खुर्ची. तिथे पेपर घेऊन बसलं की आतून दिसत नाही, पण आतलं सगळं ऐकू येतं. मला वाटलं होतं, आठवड्याभरात खूळ उतरेल आणि ती बाहेर येऊन म्हणेल, वाचा काय आलंय. मी पेपर उघडून वाट पाहत राहायचो.

पण ऐकू यायची फक्त तीच. तिकडून तो काय म्हणतो ते वायरीतून तिच्या कानात जायचं. आणि एका बाजूचं बोलणं ऐकणं हा काय छळ असतो, ते ज्याने भोगलंय त्यालाच ठाऊक. ती म्हणायची, "बाय." म्हणजे हो. कशाला हो? ती हसायची. कशाला हसली? एकदा तिने एक शब्द पुन्हा पुन्हा म्हटला, दर वेळी जरा हळू, आणि माझ्या हातातला पेपर चुरगळला. मी मनातल्या मनात मिकेलला रूप देऊन टाकलं होतं. उंच, दाढीवाला, लोकरी टोपी घातलेला, आणि इंग्रजीत कच्चा.

मग एका दुपारी त्याचा आवाज घरभर घुमला.

मी दचकलो. तिने वायर काढून टाकली होती आणि फोन मिसळणाच्या डब्याला टेकून उभा केला होता. मिकेल आमच्या स्वयंपाकघरातून मोकळेपणाने बोलत होता. निदान वायर होती तोवर आडपडदा होता, आता तोही गेला, असं माझ्या मनात आलं. मी आत गेलो.

"वायर का काढलीस?"

"कान दुखतात."

"दोन्ही?"

"दोन्ही," ती म्हणाली आणि शेंगदाणे भाजू लागली. मिकेल म्हणाला, पाणी मागा. ती दाणे हलवत खणखणीत आवाजात पाणी मागू लागली, आळीला ऐकू जाईल असं. मी माझ्या खुर्चीत परत आलो.

उन्हाळाभर हे चाललं. मी रोज त्या खुर्चीत बसून पेपर उलटा-सुलटा करायचो आणि आत तो बोलायचा, थांबायचा, ती बोलायची. त्या थांबण्याचाच मला सगळ्यात राग यायचा. इतका वेळ कोण कोणासाठी थांबतं?

लग्न त्यांच्याकडे होतं. सप्टेंबरात आम्ही गेलो. सामानात कुमुदने कोरेगावचा वाघ्या घेवडा भरून घेतला होता, विहिणीसाठी. मी खिशात एक भाषण घेतलं होतं, इंग्रजीत. दोन संस्कृतींच्या मिलनावर. दहा वेळा घासून-पुसून लख्ख केलेलं. अमाया त्याचं भाषांतर करणार होती.

बेगोन्या विमानतळावर आली होती. कुमुद तिच्यासमोर जाऊन उभी राहिली, पदर सारखा केला आणि बास्कमध्ये एक वाक्य म्हणाली. बेगोन्याने कुमुदला मिठी मारली, आणि दोघींनी डोळे पुसले. इन्याकीने टोपी काढली. तिथून गाडीत, डोंगरातल्या वळणांवरून, त्यांच्या दगडी घरापर्यंत दोघी मागच्या सीटवर बोलतच होत्या. कुमुद अडायची, बेगोन्या थांबायची. मी पुढे इन्याकीशेजारी बसलो होतो आणि आम्ही दोघं एकमेकांना डोंगर दाखवत होतो.

माझ्या आयुष्यात ही पहिलीच वेळ, की बोलणं चालू आहे आणि मी त्यात नाही.

त्यात एक भर पडली. कुमुद मला 'अहो' म्हणते. तिच्या पिढीतली कुठली बाई नवऱ्याला नावाने हाक मारते? बेगोन्याने ते ऐकलं आणि पहिल्या जेवणाला मोठ्या आदराने मला म्हणाली, "अहो!" पाठोपाठ इन्याकी, अमायाच्या मावश्या, शेजारी, सगळेच. मी छातीवर हात ठेवून "भालचंद्र" म्हणून पाहिलं. त्यांनी प्रयत्न केला, जीभ अडली, आणि ते पुन्हा 'अहो'वर आले. मी नाद सोडला. एका अख्ख्या गावाचा मी अहो झालो.

त्याच जेवणाला बेगोन्याने पाण्याचा जग उचलून मला काहीतरी विचारलं आणि माझ्या तोंडून गेलं, "बाय, एस्केरिक आस्को." हो, आभारी आहे.

टेबलावरचे सगळे माझ्याकडे बघू लागले. सौमित्र म्हणाला, "बाबा? तुम्हीपण?"

"छे," मी म्हटलं. मला स्वतःलाच कळत नव्हतं की हे कुठून आलं. मी कुमुदकडे पाहिलं. तिला काहीच नवल वाटलेलं दिसलं नाही. ती शांतपणे पावाचा तुकडा मोडत होती.

लग्नाआधीचे दिवस दोघी विहिणी अंगणात घेवडा निवडत बसायच्या. आमचा वाघ्या आणि त्यांचा लाल, दोन्ही एकाच सुपात. म्हणजे सूप नव्हे, तिथली वेताची टोपली. कुजबुजायच्या, खिदळायच्या. मी जवळ गेलो की गप्प. बेगोन्या बोटांवर काहीतरी मोजत असायची आणि कुमुद ओठ हलवत असायची. मी विचारलं, काय चाललंय? कुमुद म्हणाली, घेवडा निवडतोय, दिसत नाही का?

लग्न सकाळी लागलं. दुपारी घरापुढच्या सफरचंदांच्या झाडांखाली लांबच लांब टेबलं मांडली आणि सगळा गाव जेवायला बसला. माझ्या समोर अमायाचे चुलत आजोबा होते. त्यांचं नाव मिकेल. तिथे दर तिसरा माणूस मिकेल असतो, हे मला तोवर कळलं होतं, आणि या मिकेलला तर दोन्ही कानांनी कमी ऐकू येत होतं. तरीही त्यांच्याकडे बघून माझं टाळकं जरा सणकलंच. ते बिचारे माझ्या पेल्यात सफरचंदाची दारू ओतत होते, आणि मी ती भिडस्तपणे पीत होतो.

त्या लोकांत एक रीत आहे. जेवण झालं की कोणीतरी उभं राहतं आणि जागच्या जागी कवन रचून गातं. चाल जुनी, शब्द त्या क्षणाचे. आणि ज्याला उद्देशून गायलं त्याने कवनातच उत्तर द्यायचं असतं, नाही दिलं तर टेबलं बडवून त्याला सळो की पळो करतात. इन्याकी उभा राहिला. आधी नवरानवरीवर गायला. लोक हसले, अमाया लाजली. मग तो आमच्याकडे वळला, डोळे मिटून, हात पाठीशी बांधून गायला, आणि शेवटच्या ओळीला हात आमच्या दिशेने केला. टेबलं धडधडू लागली.

मी उठलो. खिशातून भाषण काढलं, चष्मा लावला. आमच्या घराच्या वतीने बोलायचं ते मी, हे इतकं ठरलेलं होतं की मी आजूबाजूला पाहिलंसुद्धा नाही.

माझी बाही कोणीतरी ओढली.

"बसा," कुमुद म्हणाली.

"अगं, उत्तर द्यायचंय."

"मला द्यायचंय. बसा."

मी बसलो. ती उभी राहिली. डोक्यावरून पदर घेतला, जसा हळदीकुंकवात नाव घ्यायला सांगितलं की घ्यायची. नाव घेणं म्हटलं तर तिचा एकच उखाणा होता, मावशीने शिकवलेला. त्यात चांदीचं तबक होतं, जाईची फुलं होती आणि शेवटी मी होतो. बारशाला तोच, मंगळागौरीला तोच. भालचंद्रऐवजी रामचंद्र घातलं असतं तरी काही बिघडलं नसतं. मला वाटलं, तोच आता बास्कमध्ये म्हणेल.

पण तो नव्हता. ती सावकाश म्हणाली. एक ओळ, मग थांबली. पुढची ओळ, मग थांबली. आणि तिने ज्या तऱ्हेने थांबून लोकांकडे पाहिलं, ती तऱ्हा माझ्या ओळखीची होती. ती मिकेलची होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या बायकोने भरल्या मांडवात नाव घ्यायचं आणि ते त्याच्या ढंगात.

मला मधेच 'मिकेल' ऐकू आलं. मग 'दोन'चा शब्द कळला. शेवटच्या ओळीत माझं नाव आलं, स्पष्ट, पूर्ण. भालचंद्र. आणि ती खाली बसली.

सगळं टेबल हसून हसून लोटपोट झालं. बहिऱ्या आजोबांना कोणीतरी कानात ओरडून सांगितलं, तेही रुमालाने डोळे टिपू लागले. आणि मग सगळे माझ्याकडे वळले. "नोर? नोर?" म्हणून टेबलं बडवू लागले.

नोर म्हणजे कोण. तेवढं मला येत होतं. माझ्या डोक्यात प्रकाश पडला. यांना मी अहो म्हणून ठाऊक. हे भालचंद्र कोण, असं विचारतायत. इतके दिवस अडलेली दुरुस्ती करायची संधी आली होती. मी ताठ उभा राहिलो, छातीवर हात ठेवला आणि वर्गात हजेरी द्यावी तसा मोठ्याने म्हणालो, "नी!"

मी.

असा हशा मी जन्मात ऐकला नाही. इन्याकी येऊन माझ्या गळ्यात पडला. बेगोन्याने माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले. कोणी माझ्या पाठीवर थापा मारल्या. मी हसत होतो, कारण सगळे हसत होते, आणि आतून जळत होतो. मिकेलचं नाव आणि माझं नाव एका कवनात. दोन. आणि हा हशा. माझ्याच बायकोने माझ्याविषयी काय सांगितलं ते त्या अंगणात बहिऱ्या म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांना कळलं होतं. एकट्या मला कळलं नव्हतं. तिने ताटातून डोळे वर केले नाहीत. कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या होत्या.

"काय म्हणालीस?" मी विचारलं.

"नाव घेतलं."

"ते कळलं. काय घेतलंस?"

"उखाण्याचा अर्थ सांगायचा नसतो."

मी अमायाला गाठलं. ती म्हणाली, आईंनी सांगायचं नाही म्हणून सांगितलंय. सौमित्रला गाठलं. तो म्हणाला, "बाबा, मला अजून इतकं कुठे येतंय?" आणि तोंड फिरवून हसला. खिशातलं भाषण तसंच घरी परत आलं.

साताऱ्याला आल्यावर चार दिवस मी फुगून होतो. मग एका दुपारी म्हटलं, "तुझा फोन दे."

"कशाला?"

"धडे ऐकायचेत."

तिने फोन दिला. वर कपाटातून शोधून वायरही दिली. "ही लावून ऐका. मला दुपारी झोप लागते हल्ली."

मी पहिल्या धड्यापासून सुरुवात केली. मिकेल म्हणाला, म्हणा. मी म्हटलं. उच्चार वेडावाकडा होता, माझं मला कळत होतं. तो थांबला आणि म्हणाला, ओसो ओन्दो. मला बरं वाटलं. मग बरं वाटल्याचा राग आला. पण दुसऱ्या दिवशी मी पुन्हा बसलो.

या वयात भाषा चढत नाही. रांगोळीसारखं होतं, आज घालावी आणि उद्या पुसलेली. पण तिकडच्या मंडळींनी माझी सोय केली होती. कुमुदचं कवन त्यांना इतकं आवडलं होतं, की सणावारी फोन झाला की इन्याकी ते चालीवर गायचा, माझ्याकडे बोट दाखवून. घाईत गायचा, दारू प्यालेला असायचा, पण दर खेपेला माझ्या हाती एखादा शब्द लागायचा. एका नाताळात 'स्वयंपाकघर' लागलं. मग 'दार' लागलं. पुढे 'कान'. कान कुठून आला? मला वाटलं, मिकेल माझ्या कानात बोलतो, असं काहीतरी असणार. त्या रात्री मी जेवलो नाही. कुमुदला वाटलं पित्त झालं.

अमायाला मुलगी झाली, नागोरे. सहा वर्षांची असताना एका रविवारी सकाळी ती पडद्यावर आली. दात पडलेला, हातात बाहुली. म्हणाली, इन्याकी आजोबांनी गाणं शिकवलंय. आणि गाऊ लागली. मुलं गातात तशी, शब्द शब्द सुटा करून, ओळ संपली की श्वास घेऊन, मी समजून घ्यावं म्हणून थांबल्यासारखी.

मला सगळं कळलं. एकही शब्द निसटला नाही.

यमक मी जुळवलंय, पण मजकूर तिचा आहे.

*स्वयंपाकघरात भरली शाळा, दाराआड एक बाक,*
*कानातली वायर काढली मी, जावी बाहेर हाक;*
*मिकेलला वाटे शिष्य एक, होतो आम्ही दोन,*
*भालचंद्ररावांना विचारा, दुसरा होता कोण.*

आणि मी भर मांडवात उभा राहून, छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, मी.

नागोरे पडद्यावर वाट पाहत होती. मी तिला ओसो ओन्दो म्हटलं, ती खूश होऊन बाहुलीसकट पळाली. मी लॅपटॉप मिटला. फ्रिजच्या आडोशाला ती वेताची खुर्ची तशीच होती. तिच्यात बसून पाहिलं. आतून दिसत नाही असं मला वाटायचं. पण समोरच्या भिंतीवर रोज तोंड धुतल्यावर ती बघायची तो आरसा होता, आणि त्यात कुमुद शेंगा सोलताना दिसत होती. ती मला दिसत होती, म्हणजे मीही तिला रोज दिसत होतो.

मी दारात जाऊन उभा राहिलो.

"तुझे कान दुखत नव्हते," मी म्हणालो. बास्कमध्ये म्हणालो. चुका असतील.

तिने मान वर केली नाही. हातातली शेंग फोडली, दाणे ताटात टाकले, टरफल बाजूला टाकलं. मी काही बोललो नाही. नुसता उभा राहिलो, फोन बिघडलाय असं वाटावं इतका वेळ.

मग ती हसली. त्या पहिल्या दिवशी, कणकेचे हात असताना हसली होती, ते हसू.

"ओसो ओन्दो," ती म्हणाली.

अगदी मिकेलसारखं म्हणाली. तेवढं मात्र मला अजूनही खपत नाही.